लेकराला आधी तुमच्या तोंडून कळू द्या

आई-बाबांनो,

दसरा झाला की शिरूर कासार तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर ट्रक भरायला लागतात. भांडीकुंडी, पेटी, पिठाचं गाठोडं, एखादी शेळी आणि अंगावरची तान्ही लेकरं घेऊन माणसं ऊसतोडीसाठी साखर कारखान्याला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. शाळेतली पोरं मागे राहतात, कोणी आजीकडे, कोणी मावशीकडे, कोणी चुलत्याकडे. हंगाम संपून पट्टा पडला की आई-बाप परत येतात आणि बहुतेक लेकरं आपापल्या घरी जातात. एखादं मात्र राहून जातं. मावशीला मूल नसतं आणि आईला आधीच तीन मुली असतात, किंवा आई परत आलेलीच नसते. कोणी बैठक घेत नाही, कागद करत नाही. मावशीची माय होते आणि लेकरू तिचं होऊन जातं.

गावात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त त्या लेकराला.

मी या भागात मुलांना शिकवण्यात आयुष्य घालवलं. एक मुलगी मला विसरता येत नाही. सहावीत होती. लंगडी खेळताना भांडण झालं आणि समोरची पोर ओरडली, ‘ही तुझी माय नाहीच, तुला आणलंय.’ ती रडली नाही. सुट्टीनंतर माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, ‘बाई, खरं आहे का?’ मी म्हटलं, ‘घरी आईला विचार.’ मला तेव्हा तेवढंच सुचलं. पुढे महिनाभर ती वर्गात नखं कुरतडत बसायची. शेवटी मीच विचारलं, ‘घरी बोललीस का?’ ती म्हणाली, ‘नाही. मायला वाईट वाटंल.’

अकरा वर्षांचं लेकरू आपल्या आईचं मन सांभाळत एकटंच ओझं वाहत होतं. त्या दिवसापासून दत्तक मुलांच्या आई-बाबांशी बोलायची संधी मिळाली की मी एकच गोष्ट सांगते, आणि आज तुम्हालाही तीच सांगणार आहे: लेकराला आधी तुमच्या तोंडून कळू द्या. पण ते कसं करायचं हे सांगण्याआधी मला तुम्हाला दूर देशीच्या एका आईकडे न्यायचं आहे.

तिचं नाव एमिलिया वाश्किनेल. ती पोलंडची, कॅथलिक ख्रिस्ती. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या फौजांनी तिच्या गावातल्या ज्यूंना एका वस्तीत कोंडलं होतं. गाव विल्नो शहराजवळचं, आज ते लिथुआनिया देशात आहे. त्या वस्तीत 1943 साली एका शिंप्याच्या घरी मुलगा जन्मला. वस्तीतल्या माणसांचं काय होणार हे त्याच्या आईला दिसत होतं. तिनं एमिलियाला गाठलं आणि माझं बाळ वाचव म्हणून विनवलं. ज्याला तू देव मानतेस तो येशूही ज्यूच होता, असं ती म्हणाली. ज्यू मूल लपवणाऱ्याला तेव्हा मृत्यूची शिक्षा होती. एमिलिया आणि तिचा नवरा पिओत्र यांनी तरीही ते बाळ घेतलं. त्याचे जन्मदाते आणि मोठा भाऊ हिटलरच्या फौजांनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून वाचले नाहीत.

मुलाचं नाव रोमुआल्ड ठेवलं. तो लाडात वाढला, हुशार निघाला आणि 1966 मध्ये कॅथलिक धर्मगुरू झाला. आपण ज्यू आहोत हे त्याला माहीत नव्हतं. पण लहानपणी रस्त्यावरच्या दारुड्यांनी त्याला ‘ज्यू पोर’ म्हणून डिवचलं होतं. आरशात पाहिलं की आपला चेहरा घरात कोणाशीच जुळत नाही, हेही त्याच्या लक्षात येत होतं. विषय निघाला की आईचे डोळे भरायचे. मग तो गप्प बसायचा, आपल्या सहावीतल्या त्या मुलीसारखाच.

1978 साली, तो 35 वर्षांचा असताना, आई एकदाची बोलली. तुझे जन्मदाते ज्यू होते, फार चांगली माणसं होती, तुला वाचवण्यासाठी त्यांनी तुला माझ्या हाती दिलं, असं तिनं सांगितलं. आडनाव तिला माहीत नव्हतं. वडील शिंपी होते, गाव अमुक होतं आणि मोठ्या भावाचं नाव सॅम्युएल होतं, एवढंच तिच्या आठवणीत उरलं होतं.

पुढे 14 वर्षं गेली. 1992 मध्ये त्याच्या ओळखीची एक ख्रिस्ती जोगीण इस्राएलला गेली. त्या गावातून वाचलेली माणसं तिनं शोधून काढली आणि शिंपी, गाव, भावाचं नाव एवढ्या तीन गोष्टी त्यांच्यापुढे ठेवल्या. तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं की हा वेक्स्लर शिंप्याचा मुलगा. त्याला सख्खा काका भेटला. जन्म देणाऱ्या आईचा फोटो त्यानं पन्नाशीला टेकताना पहिल्यांदा पाहिला, आणि आरशातला चेहरा कोणाचा ते त्याला कळलं.

यानंतर त्यानं काय केलं ते प्रत्येक दत्तक आईनं ऐकावं. त्यानं नाव बदललं, पण वाश्किनेल पुसून टाकलं नाही. जन्मदात्या बापाचं याकूब हे नाव आणि वेक्स्लर हे आडनाव त्यानं आपल्या नावात घेतलं आणि रोमुआल्ड याकूब वेक्स्लर-वाश्किनेल झाला. जेरुसलेममध्ये याद वाशेम ही त्या संहाराच्या स्मृती जपणारी संस्था आहे. ज्यूंना वाचवणाऱ्या इतर धर्मीयांचा ती सन्मान करते, आणि त्यांच्यात एमिलिया आणि पिओत्र यांची नावं आहेत. 2009 मध्ये तो इस्राएलला राहायला गेला. मुळं सापडली, आणि त्यानं आईही सोडली नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, कुठे पोलंड, कुठे ज्यू आणि कुठे आपलं सिंदफणेकाठचं शिरूर. आपल्याकडे ज्यू कुठून येणार?

आपल्याकडे ते केव्हाचेच आहेत, आणि मराठी बोलतात. रायगड जिल्ह्यातल्या गावांत पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवणारी माणसं होती. शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. हेच बेने इस्राएल. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. हाती राहिलं ते थोडंच: शनिवारचा विसावा, आठव्या दिवशी मुलाची सुंता, आणि शेमा या प्रार्थनेचे सुरुवातीचे शब्द. पेणचे पेणकर झाले, किहीमचे केहीमकर, रोह्याचे रोहेकर.

मग, त्यांच्यात सांगतात, डेव्हिड राहाबी नावाचा एक ज्यू तिथे आला. त्यानं बायकांपुढे वेगवेगळे मासे ठेवले. पर आणि खवले नसलेले मासे त्यांनी बाजूला काढले, कारण ज्यू धर्मात ते वर्ज्य आहेत. का काढले हे त्यांना सांगता आलं नाही, आमच्याकडे खात नाहीत एवढंच त्या म्हणाल्या. त्यावरून राहाबीनं त्यांना ओळखलं. आपण कोणाचे हे एका अख्ख्या समाजाला असं मोठेपणी कळलं.

कळल्यावर त्यांनी काय केलं? प्रार्थना शिकून घेतल्या, सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं बांधली. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये उभारलं. आणि मराठी? ती त्यांनी सोडली नाही. बायबलमधल्या अब्राहाम-योसेफाच्या कथांवर ते मराठीतून कीर्तनं करायचे. नवस फेडताना आजही एलियाहू प्रेषिताच्या नावानं पोहे, गूळ, नारळ आणि फळांचा मलिदा मांडतात. 1948 नंतर हजारो बेने इस्राएल इस्राएलला गेले आणि तिथूनही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. जन्माचं गोत मिळालं म्हणून त्यांनी वाढवणाऱ्या मातीशी नातं तोडलं नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजूही तुमच्यापासून लपवणार नाही. बेने इस्राएल आपल्या लोकांत परत गेले तेव्हा सगळी दारं लगेच उघडली नाहीत. हे खरे ज्यू का, अशी शंका तिथल्या धर्मगुरूंनी काढली. 1962 मध्ये त्यांच्या लग्नांसाठी पूर्वजांची चौकशी करायचा हुकूम निघाला. त्यांनी आंदोलन केलं. 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं मान्य केलं. दत्तक मुलांच्या बाबतीतही असंच घडू शकतं. लेकरू मोठं होऊन जन्मघराच्या दाराशी जाईल, आणि दार उघडेल याची खात्री नाही. तिथली आई आता दुसऱ्या संसारात असेल, तिला ओळख द्यायची नसेल. त्या दाराशी लेकरू एकटं उभं राहू नये. त्याच्या शेजारी तुम्ही असायला हवं, आणि आधी सगळं लपवलं असेल तर ते तुम्हाला सोबत नेणार नाही.

आता तुमच्या मनातल्या भीतीकडे येते. दत्तक घ्यायला निघालेल्या बाया माझा हात धरून कुजबुजतात, ‘बाई, कोणाचं असेल ओ? कोणत्या जातीचं, कोणत्या धर्माचं निघेल?’ या प्रश्नाची मला चीड येत नाही. आपण गावात राहतो, इथे आडनाव सांगितल्याशिवाय पाणीसुद्धा मिळत नव्हतं, ते दिवस फार जुने नाहीत. पण थोडं आठवून पाहा. आपण ज्याला देवकीनंदन म्हणतो त्यालाच यशोदेचा कान्हाही म्हणतो. देवकीचं नाव घेतलं म्हणून यशोदेचं लोणी कमी झालं नाही. ज्यूंचा मोठा प्रेषित मोशे, तोही टोपलीतून नदीत सोडलेलं बाळ होता. इजिप्तच्या राजकन्येनं त्याला वाढवलं, आणि मोठेपणी तो आपल्या माणसांकडे गेला.

आणि आपले जोतीराव-सावित्रीबाई. 1874 मध्ये त्यांनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. त्या काळात, त्या पुण्यात. यशवंत कोणाच्या पोटचा हे त्यांनी जगापासून चोरून ठेवलं नाही. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी दत्तक मुलाच्या हक्कावर वाद काढला. सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हाती घेतलं. यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रोगी आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्या गेल्या. या मायलेकरांचं नातं रक्ताचं नव्हतं म्हणून कमी होतं, असं कोणी म्हणेल का?

काळही बदलला आहे. जगभरात लोक डीएनए चाचणीसाठी नळीत लाळ घालून पाठवतात आणि आपले पूर्वज कुठल्या मुलखातले, रक्ताचे नातेवाईक कुठे आहेत याचा अंदाज त्यांना घरबसल्या मिळतो. अनेकांना तसं चाळिशी-पन्नाशीत कळलं की आपण दत्तक आहोत, किंवा आपलं मूळ ज्यू आहे. महाराष्ट्रातूनही पुष्कळ मुलं परदेशी दत्तक गेली. अशा दत्तकांना शिस्त लावणारा निकाल सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मीकांत पांडे खटल्यात 1984 मध्ये दिला. 1973 साली पुण्यात जन्मून जर्मनीत वाढलेला अरुण डोहले आपल्या आईच्या शोधात परत आला. कागद पाहायला मिळावेत म्हणून त्याला कित्येक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. यावरून ध्यानात घ्या की गुपित आता पेटीत कुलूप लावून ठेवता येत नाही. ते कळणारच. पण चाचणी सांगेल ते फक्त मूळ. आईनं का दिलं, तिला काय वाटलं, हे कुठल्याही नळीत सापडत नाही. ते तुम्हाला जेवढं माहीत असेल तेवढं तुम्हीच सांगायचं आहे.

कधी सांगायचं? लेकरू गोष्ट ऐकायला लागलं की. दोन-तीन वर्षांचं असताना, मांडीवर, झोपताना. ‘आम्हाला बाळ हवं होतं. तू एका आईच्या पोटातून आलास. तिला तुला सांभाळणं जमण्यासारखं नव्हतं. मग आम्ही तुला घरी आणलं, तेव्हा तू पिवळं झबलं घातलं होतंस.’ एवढंच. दर वाढदिवसाला पुन्हा सांगा, वयाप्रमाणे थोडं वाढवून. अमुक दिवशी मला कळलं, असं ज्या लेकराला कधी आठवावं लागत नाही, त्याला धक्का बसत नाही. उशीर झाला असेल, मुलगा पंधराचा किंवा पंचविसाचा असेल, तरी सांगा. लग्नाच्या मांडवात एखाद्या पाहुण्याकडून कळण्यापेक्षा आज रात्री अंगणात तुमच्याकडून कळलेलं बरं.

मावशीकडे, चुलत्याकडे वाढलेल्यांच्या बाबतीत तर याला आणखी एक कारण आहे. हिंदू दत्तक कायदा 1956 चा. दत्तक गेल्यावर मुलाचं कायद्यानं घर बदलतं, पण जन्मघराण्यातल्या ज्या नात्यांत लग्न निषिद्ध होतं ते निषिद्धच राहतं. कायदासुद्धा जन्माचं नातं विसरत नाही. आपल्याकडे सोयरिकी चार गावांतच होतात. न सांगता वाढवलेल्या मुलीचं स्थळ कुठे जुळेल, सांगता येतं का? आणि तोंडी दत्तकावर थांबू नका. दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवून घ्या. म्हणजे शाळेच्या दाखल्यापासून सात-बाराच्या उताऱ्यापर्यंत लेकराची अडवणूक होणार नाही. ज्यू, मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबांना हा कायदा लागू नाही. पूर्वी त्यांना 1890 च्या कायद्यानं फक्त पालकत्व मिळायचं. आता बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या जोडप्याला मूल रीतसर दत्तक घेता येतं.

संस्थेतून मूल घेतलं असेल तर 2022 च्या दत्तक नियमावलीत मूळ शोधण्याची वाट दिली आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी स्वतः अर्ज करू शकते. त्याआधी तुमच्यासोबत मिळून करता येतो. जन्मदात्या आईनं ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती लागते, कारण तिच्याही आयुष्याचा मान राखायचा असतो. ती नाही म्हणाली किंवा सापडली नाही, तरी मूल कोणत्या परिस्थितीत दिलं गेलं एवढं कळू शकतं. संस्थेनं दिलेले कागद म्हणूनच जपून ठेवा.

बोलताना काही शब्द मात्र घरातून काढून टाका. ‘खरी आई’ म्हणू नका, जन्म देणारी आई म्हणा. ‘टाकून दिलं’ म्हणू नका. आपल्याच तालुक्यात आर्वीच्या शांतिवनात 2000 सालापासून ऊसतोड मजुरांची आणि आधार गेलेली मुलं वाढताहेत. तिथल्या कोणत्याही लेकराकडे पाहा आणि मग सांगा, टाकून दिलं हा शब्द त्याच्यापुढे उच्चारवेल का? आणि ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ हे तर कधीच नको. लेकरानं आई-बाप मिळाले म्हणून आभार मानत जगू नये.

कधीतरी ते म्हणेल, ‘आई, मला शोधायचंय.’ तुमच्या पोटात खड्डा पडेल, हे मी जाणते. तेव्हा ‘आम्ही कुठे कमी पडलो’ हे विचारू नका. त्यानं तुमच्यापाशी येऊन हे सांगितलं, यातच तुम्ही कमी पडला नाहीत हे आलं. ‘चल, मीही येते,’ एवढंच म्हणा. समोर कोणती जात निघो, कोणता धर्म निघो, तो तुमच्या लेकराचाच एक भाग आहे. त्याची शनिवारची प्रार्थना असेल तर तीही तुमच्या घरात बसू द्या.

एमिलियाकडे तीनच गोष्टी होत्या, आणि त्या तिनं 35 वर्षं उराशी धरल्या. तुम्ही एक वही आणा. लेकरू कोणत्या दिवशी आलं, कोणाच्या हातून आलं, अंगावर काय होतं, जन्म देणाऱ्या आईबद्दल जे कानावर आलं ते सगळं आज रात्रीच लिहून काढा. क्षुल्लक वाटलं तरी लिहा. आणि लेकरू विचारायला लागेल त्याची वाट न पाहता, त्याला जवळ घेऊन पहिलं पान वाचून दाखवा.